गाडी यायच्या आधी

(दृश्य : इंदूर, रामबागेतली एक गल्ली. सकाळ. लांबून लाउडस्पीकरवरचं गाणं ऐकू येतंय.)

हे गाणं जवळ यायच्या आत आम्हाला आमचं काम उरकायचंय. गाणं कचरागाडीचं आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येणारं हे शहर. एकदा गाडी येऊन गेली, की रस्त्यावर वाळकं पानसुद्धा मिळायचं नाही. आणि आम्ही फिल्म करतोय अशा माणसावर, ज्याचं सगळं रंगसाहित्य रस्त्यावर पडलेलं असायचं.

आज हाती लागलं ते एवढं : पिंपळाची दोन पानं, तुटका कंगवा, एक करवंटी आणि स्लिपरचा निघालेला पट्टा.

(दृश्य : ओट्यावर मांडलेल्या या वस्तू, जवळून.)

विष्णू चिंचाळकर. इंदूरसाठी नुसते 'गुरुजी'. माळव्यातल्या आलोटला १९१७ साली जन्म, तारीख ५ सप्टेंबर. पुढे याच तारखेला देशभर शिक्षक दिन साजरा व्हायला लागला. हा निव्वळ योगायोग आहे, पण त्यांच्या विद्यार्थ्यांना तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्हालाही राहवलं नाही.

(दृश्य : राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, जलरंगातली जुनी निसर्गचित्रं.)

गुरुजींचेही एक गुरुजी होते, दत्तात्रय दामोदर देवळालीकर. होळकरांच्या इंदुरात १९२७ साली त्यांनी चित्रशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे त्यांचे विद्यार्थी. मकबूल फिदा हुसेनही इथेच शिकले. डी. जे. जोशी इथलेच. एका संस्थानी गावातल्या मास्तरांच्या हाताखालून एवढी माणसं गेली, हे मुंबईकरांना आजही आम्हाला दोनदा सांगावं लागतं! देवळालीकरांकडे शिस्त पक्की. समोर दिसतंय ते कागदावर हुबेहूब उतरलं पाहिजे. छाया, प्रकाश, अंतर, सगळं जिथल्या तिथे.

चिंचाळकरांचा हात या तालमीत तयार झाला. व्यक्तिचित्रं ते उत्तम करायचे. त्या एका कौशल्यावर जन्मभर मानाने पोट भरलं असतं.

तो रस्ता त्यांनी सोडला. एका दिवसात नाही, पण सोडला. झाडाची साल, वाळक्या शेंगा, मुळं, फाटकी चप्पल, डब्यांची झाकणं असल्या वस्तूंमध्ये त्यांना चित्रं दिसायला लागली होती. दिसलेलं चित्र दुसऱ्याला दाखवायला जेवढं लागेल तेवढंच करायचं. फांदी जराशी वळवायची, एखादा ठिपका द्यायचा. पुष्कळदा नुसतं उलटं धरायचं.

इथे एक गैरसमज आधी दूर करू. मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाने कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' केलेलं असतं. बाटलीला लोकर गुंडाळायची, टिकल्या चिकटवायच्या, झाली फुलदाणी. बाटली कुठेच दिसली नाही की मार्क जास्त. गुरुजींचं काम याच्या बरोबर उलटं. त्यांच्याकडे चप्पल शेवटपर्यंत चप्पलच राहते आणि तरीही ती तुमच्याकडे तोंड वेंगाडून बघते. शिवाय टिकाऊ म्हणाल, तर पान ते! आज आहे, महिन्याने चुरा.

(दृश्य : एक हात करवंटी हळूहळू फिरवतो.)

आम्ही करून बघितलं. करवंटी घेतली. तीन डोळे आहेतच. जरा कलती केली की दोन डोळे आणि वासलेलं तोंड : माकड. आणखी फिरवली, तर माकड गेलं आणि गाल फुगवून बसलेली कुणाची तरी आजी आली. रंग नाही, गोंद नाही. पाच मिनिटांत आमचा कॅमेरामन गल्लीभर खाली बघत फिरायला लागला. मुलांसोबत गुरुजी हेच करायचे. अक्षरं आणि आकडेसुद्धा त्यांनी असेच खेळायला घेतले. २ काढणारं पोर मध्येच थांबून त्याला चोच काढतं, तेव्हा त्याला रागवायचं की पुढे काय होतं ते बघायचं? गुरुजी बघणाऱ्यांतले. शिक्षणात नवे प्रयोग करणाऱ्या 'एकलव्य'च्या मंडळींना ते आपले वाटले, यात नवल नाही.

(दृश्य : देवासची टेकडी. पार्श्वभूमीला तंबोरा.)

गुरुजींबद्दल बोलायचं तर त्यांच्या दोस्तांबद्दल बोलावंच लागतं. 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते, म्हणजे हिंदी पत्रकारितेची एक पिढी घडवणारा मराठी माणूस. रंगकर्मी बाबा डिके. आणि जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, देवासला, कुमार गंधर्व. क्षयाने आजारी कुमारजी १९४८ साली माळव्याच्या कोरड्या हवेसाठी इथे आले. गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळवी बायकांची गाणी पडत राहिली. रोज सगळेच ऐकत होते, म्हणून कुणीच ऐकत नव्हतं, अशी ती गाणी. कुमारजींनी ती वेचली आणि त्यांतून त्यांना राग सापडले. त्याच माळव्यात त्यांचा हा दोस्त काटक्या वेचत होता. या मैफलीत कोण कोणाकडून काय शिकलं, याचा हिशोब कोणी मांडू नये. मांडला तरी जुळायचा नाही.

गुरुजींनी संस्थानं उभारली नाहीत, निवडणुका लढवल्या नाहीत. तरी या शहरात नाटकवाला, पत्रकार, शाळामास्तर आणि पोरंटोरं एकाच माणसाला गुरुजी म्हणत होती. ३० जुलै २००० ला ते गेले, स्वच्छतेचा पहिला नंबर यायच्या कितीतरी आधी. ओला आणि सुका असे वेगवेगळे डबे बघून ते काय म्हणाले असते, हा इंदूरकरांचा आवडता विषय आहे. आम्हाला वाटतं, सुक्याच्या डब्यात ते कोपरापर्यंत हात घालून उभे राहिले असते.

(दृश्य : गाणं आता अगदी जवळ. गाडी गल्लीत वळते.)

गाडी आली. सफाईवाल्या ताईंनी ओट्याकडे बोट दाखवून विचारलं, "ये भी डालना है क्या?"

पानं गेली. कंगवा गेला. करवंटी आमच्या कॅमेरामनने पिशवीत टाकली होती, हे नंतर कळलं. पट्टा मात्र कुठे दिसेना. मघापासून शूटिंग बघत उभा असलेला शेजारचा पोरगा हात पाठीमागे धरून उभा होता.

"दाखव रे."

त्याने पट्टा वर धरला, दोन्ही टोकं फाकवून.

"बगळा आहे. उडतोय."

(दृश्य : पट्टा, मागे आभाळ. गाण्याचा आवाज लांब जात राहतो.)