एका वेळी एकच प्लेट

(दृश्य: अर्धवट खाली ओढलेलं लोखंडी शटर. त्यावर हाताने लिहिलेला कागद. वर छताच्या पंख्यांची घरघर.)

सकाळचे साडेदहा. सिंगापूरमधल्या एका हॉकर सेंटरचा, म्हणजे खाण्याच्या छोट्या गाळ्यांच्या इमारतीचा, दुसरा मजला. ज्या गाळ्यासाठी आम्ही बस, मेट्रो आणि शेवटी घामाघूम पायपीट करून आलो, तो बंद आहे. शेजारच्या गाळ्यावरची आंटी कॉफी ढवळता ढवळता आमच्याकडे बघते. तिला असे चेहरे रोजचेच असावेत.

"आज सुट्टी. उद्या ये. लवकर ये."

लवकर म्हणजे किती वाजता, असं विचारलं तर ती नुसती हसते.

इथे चांगल्या नूडल्स शोधणाऱ्याच्या नशिबी हे ठरलेलं. कुणाची सोमवारी सुट्टी, कुणाची बुधवारी. कुणी दुपारी दोनला माल संपला की झारा धुऊन घरी जातो. रांगेत अजून दहाजण उभे असले तरी. आधी राग येतो. दोन-चार दिवस या गाळ्यांवर काढले की तो जातो. का जातो, त्याचीच ही फिल्म.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. रस्त्याकडेची चूल, बाकडी, खांद्यावर कावड घेतलेला माणूस.)

हॉकर म्हणजे फेरीवाला. पण इथे आता फेरी कुणी मारत नाही.

पूर्वी मारायचे. कावडीच्या एका टोकाला पेटती चूल, दुसऱ्या टोकाला वाडगे आणि नूडल्स. कावडीवर मावणार किती? एकच पदार्थ. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून आलेले हॉकिएन, तिओच्यू, कँटोनीज; शिवाय तमिळ मुसलमान, मलय, जावातले लोक. जो तो आपल्या घरचा एखादा पदार्थ विकायचा. 1968-69 मध्ये सरकारने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली, तेव्हा आकडा निघाला सुमारे 18,000. रस्त्यावर ना नळ ना गटार, वाडगे धुवायचे ते एकाच बादलीत. मग 1971 पासून 1986 पर्यंत या सगळ्यांना नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या इमारतींत हलवलं गेलं. आज अशी 110 हून जास्त सेंटर्स आहेत, आणि डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

कावड गेली, गाळा आला. कावडीची सवय मात्र राहिली: एक माणूस, एक चूल, एक पदार्थ. म्हणून गाळ्याच्या पाटीवर चाळीस पदार्थांचे फोटो दिसले की मी पुढे सरकतो. एकच पदार्थ लिहिलाय, त्याच्याखाली फक्त लहान, मध्यम, मोठा अशा किमती आहेत, आणि समोर घरच्या चपला घालून आलेले आजोबा उभे आहेत? मग रांगेत लागायचं.

पण त्याआधी जागा धरायची. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा तुमची. याला इथे 'चोप' म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

(दृश्य: उकळतं पाणी. जाळीच्या झाऱ्यात पिवळ्या नूडल्सची गुंडाळी.)

पहिला वाडगा बाक चोर मीचा. डुकराच्या खिम्याच्या नूडल्स; इथल्या पदार्थांच्या नावातलं 'मी' म्हणजे नूडल्स. गाळ्यावर गेल्यावर नुसतं नाव सांगून भागत नाही. मी पोक की मी किया? म्हणजे चपट्या की बारीक? ताह की सूप? म्हणजे कोरड्या की रश्शातल्या? तिखट घालू? तिखट नको म्हणालात तर त्या जागी टोमॅटो केचप येतं, जे लहान मुलांसाठी असतं, आणि अंकलच्या नजरेतून ते कळतं.

आता हाताकडे बघा. या पिवळ्या नूडल्सच्या कणकेत क्षाराचं पाणी असतं. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो, त्याच जातीचं. त्यानेच हा पिवळेपणा येतो आणि चावताना लागणारा ताणही. पण त्याचा एक उग्र वासही असतो. म्हणून नूडल्स काही सेकंद उकळत्या पाण्यात, तिथून थेट गार पाण्यात, आणि परत एकदा गरम पाण्यात. गार पाण्याने शिजणं थांबतं, वास धुऊन निघतो. मग झाऱ्याला एक झटका. पाणी निथळलं नाही तर तळाशी घातलेला काळा व्हिनेगर, मिरचीची चटणी आणि चरबी पांचट होते. या एका झटक्यावर वाडगा तरतो किंवा बुडतो.

क्रॉफर्ड लेनवरच्या 'हिल स्ट्रीट ताई ह्वा' या बाक चोर मीच्या दुकानाला 2016 मध्ये, सिंगापूरच्या पहिल्याच मिशलिन गाइडमध्ये, म्हणजे उत्तम खाणावळींना तारे देणाऱ्या पुस्तकात, एक तारा मिळाला. त्याच वर्षी चायनाटाउन कॉम्प्लेक्समधल्या चान हॉन मेंग यांच्या सोया सॉस चिकनच्या गाळ्यालाही. जगभर बातम्या झाल्या, रांगा रस्त्यावर आल्या. ताऱ्याच्या मागे जायला हरकत नाही. पण वेळ मोजकाच असेल तर मी तो तासभर रांगेत उभं राहण्यापेक्षा बेडोकला जाऊन रश्शातली बाक चोर मी खाण्यात घालवेन.

(दृश्य: नकाशा. सिंगापूर, क्वालालंपूर, पेनांग.)

आता थोडा गोंधळ.

तुम्ही मागवलीत हॉकिएन मी. सिंगापुरात असाल तर पिवळ्या आणि पांढऱ्या अशा दोन प्रकारच्या नूडल्स एकत्र, कोळंबीच्या टरफलांच्या रश्श्यात मुरलेल्या, रंग फिकट, बाजूला सांबल, म्हणजे मिरचीची चटणी, आणि छोटं लिंबू. तेच नाव शेजारच्या मलेशियात, क्वालालंपूरला घ्या: जाड्या नूडल्स, गडद सोया सॉसमध्ये काळ्याभोर झालेल्या. मलेशियातल्याच पेनांगला घ्या: लाल तवंगाचं कोळंबीचं सूप, त्यात बुडालेल्या नूडल्स. तिन्ही हॉकिएन लोकांच्याच, तिन्ही ठिकाणी तेच नाव, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. तिन्ही गावांतला माणूस 'खरी' कुठली हे छातीठोकपणे सांगतो. त्या वादात बाहेरच्याने पडू नये.

सिंगापूरच्या हॉकिएन मीची गंमत झाकणात आहे. आधी अंडं, लसूण आणि नूडल्स परतायच्या. मग पळीभर रस्सा, वर लाकडी झाकण. नूडल्स रस्सा पितात. पुन्हा रस्सा, पुन्हा झाकण. घाई केली तर रस्सा खाली आणि नूडल्स वर, दोघे वेगळे राहतात. जुन्या पद्धतीचे गाळेवाले ती पोफळीच्या विरीवर वाढतात. कोकणातल्या माणसाला ही विरी ओळखीची, आणि गरम रश्श्याने तिला सुटणारा तो लाकडासारखा मंद वासही.

ओळख निघतेच आहे तर लाक्साचं, म्हणजे मसालेदार रश्शातल्या नूडल्सचं, वाटण बघा. सोडे, गवती चहा, कुळंजन, हळद, सुक्या मिरच्या, कोळंबी आंबवून केलेलं बेलाचान, आणि वरून नारळाचा रस. अर्धी यादी किनाऱ्यावरच्या कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात सापडेल. हे पेरानाकान लोकांचं, म्हणजे इथल्या मातीत रुजलेल्या जुन्या चिनी कुटुंबांचं, जेवण. कातोंग भागात तर लाक्साच्या नूडल्स कापूनच देतात. काड्या नाहीत, फक्त चमचा. आणि पेनांगला गेलात तर तिथल्या आसाम लाक्सात नारळाचा थेंबही नसतो. बांगड्याच्या जातीचा मासा, चिंचेचा कोळ, पुदिना, अननस. पुन्हा तेच: नाव एक, वाडगा वेगळा.

(दृश्य: टेक्का सेंटर. मोठ्या तव्यावर लालभडक नूडल्स.)

लिटल इंडियातलं टेक्का सेंटर. इथे मी गोरेंग मिळते. ती केली भारतीय मुसलमानांनी, पण भारतात नाही. भारतात ती कुणाला ठाऊकही नव्हती. चिन्यांच्या पिवळ्या नूडल्स, मलय सांबल, टोमॅटो, बटाटा, अंडं, आणि रंग असा की आधी डोळ्यांना तिखट लागतो. शेजारी मी रेबुस: रताळ्याने दाट केलेली गोडसर ग्रेव्ही, वर उकडलेलं अंडं, हिरवी मिरची, तळलेला कांदा. डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी या हलाल गाळ्यांकडे वळावं. इथे रिकामे ट्रे ठेवायचे रॅकसुद्धा हलाल आणि बिगरहलाल असे वेगळे असतात. आणि ट्रे तुम्हीच नेऊन ठेवायचा. 2021 पासून तो टेबलावर सोडून गेलात तर कारवाई होऊ शकते.

शाकाहारी मंडळी एव्हाना वैतागली असतील. त्यांच्यासाठी: सकाळी चिनी शाकाहारी गाळे शोधा. बी हून, म्हणजे तांदळाच्या शेवया, परतलेल्या, सोबत कोबी आणि सोयाचं नकली मांस. बऱ्याच ठिकाणी हे बौद्ध पद्धतीचं असतं, त्यात कांदा-लसूणही नसतो.

(दृश्य: दुसरा दिवस. तेच शटर. आज वर गेलेलं.)

आज आम्ही लवकर आलोय. पुढे तरीही चौदाजण.

हा गाळा चार क्वे तिओचा. तांदळाच्या पांढऱ्या चपट्या पट्ट्या म्हणजे क्वे तिओ, चार म्हणजे परतलेलं. एकेकाळी हे कष्टकऱ्यांचं स्वस्त जेवण: डुकराची चरबी, गडद गोडसर सॉस, मुगाचे मोड, अंडं, चिनी सॉसेज, आणि अर्धवट शिजलेले खुबे. सिंगापुरात यात थोड्या पिवळ्या नूडल्सही घालतात आणि गोडी जास्त. पेनांगमध्ये गोडी कमी, कोळंबी मोठी.

पण रांग एवढी हळू का सरकते?

कढई बघा. ती इतकी तापलेली असते की नूडल्स पडताक्षणी त्यातलं पाणी उडून जातं. अंकल कढई झुलवतो, तेलाचे बारीक थेंब हवेत उडतात, ज्वाळा ते पकडते, आणि तो धुराचा वास नूडल्सवर बसतो. कँटोनीजमध्ये याला 'वोक हेई' म्हणतात; हेई म्हणजे श्वास, प्राण. आता त्याच कढईत चार प्लेटींचा माल टाकला तर? कढई थंड पडते. मोडांना पाणी सुटतं. नूडल्स परतल्या जात नाहीत, वाफवल्या जातात, आणि उलथनं लागलं की तुटतात. म्हणून एका वेळी एकच प्लेट. फार तर दोन.

म्हणून रांग. म्हणून दुपारी माल संपतो. सत्तरीच्या मनगटाने ती कढई दिवसात किती वेळा झुलवायची? इथल्या हॉकरांचं मध्यक वय साठीच्या घरात आहे. नवं सेंटर बांधता येतं. 1986 नंतर थांबलेलं ते काम 2011 मध्ये सरकारने पुन्हा हाती घेतलंच. गाळ्यात उभं राहायला तिशीतला माणूस मिळणं अवघड. प्लेट विकली जाते साधारण चार ते सहा सिंगापूर डॉलरला, आणि पन्नास सेंट वाढवले तरी रोजचं गिऱ्हाईक कुरकुरतं. बुधवारची सुट्टी मग मला तरी जास्त वाटत नाही.

(दृश्य: उलथन्याचा कढईवर खणखणाट. ज्वाळा. अंडं फुटतं. खुबे अगदी शेवटी.)

पन्नास मिनिटांनी आमचा नंबर. प्लेट हातात येते. आम्ही ती टेबलावर ठेवतो, उजेड बघतो, कॅमेरा लावतो, काड्या सरळ करतो, वाफ नीट दिसेना म्हणून प्लेट जरा फिरवतो.

कालची ती कॉफीवाली आंटी लांबून हे बघत असते. ती कप खाली ठेवते, उठून येते आणि लेन्ससमोर सरळ हात धरते.

"गार होतंय. आधी खा."

(पडदा काळा. फक्त काड्यांचा आवाज.)