थरथरत्या हवेतून मृगाचा तेजोमेघ

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारीच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास बाहेर पडा, दक्षिणेकडे तोंड करा आणि मान चांगली वर करा. मृग नक्षत्र समोर असेल. चार कोपऱ्यांत चार ठळक तारे आणि मधोमध एका रेषेत तीन तारे, म्हणजे व्याधाने मारलेला बाण. या बाणाच्या खाली तीन मंद ठिपक्यांची एक लहानशी उभी ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका जरा अंधाऱ्या जागेवरून बघितलात तर पुसट दिसतो, त्याच्या कडा विरलेल्या वाटतात. तो नुसता तारा नाही. सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा वायू आणि धुळीचा तो अवाढव्य ढग आहे, आणि त्यात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. हाच मृगाचा तेजोमेघ. फ्रेंच खगोलवेत्ते मेसिए यांच्या यादीत त्याचा क्रमांक ४२, म्हणून हौशी मंडळींच्या तोंडी तो ‘एम फॉर्टी टू’.

याचा फोटो दुर्बिणीतून कसा काढायचा, यावर आज बोलणार आहे. तोही लडाखमधल्या हानलेच्या किंवा हवाईच्या डोंगरावरून नव्हे. खाली शहर, वर धुरकं, मध्येच पातळ ढग आणि पहाटे दव, अशा आपल्या नेहमीच्या आकाशातून. ‘इथून काय दिसणार कपाळ!’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. मला ते पटत नाही. आकाश वाईट आहे म्हणजे नेमकं कशानं वाईट आहे, हे आधी विचारायला हवं. कारण प्रत्येक वाईटपणावरचा उपाय वेगळा आहे, आणि काही वाईटपणावर उपायच नाही.

या तेजोमेघाचा पहिला फोटो निघाला ३० सप्टेंबर १८८० रोजी, न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसन इथे. काढणारे हेन्री ड्रेपर वैद्यकी शिकलेले. ११ इंची दुर्बीण आणि ५१ मिनिटांचं एक्स्पोजर. फोटोच्या कोरड्या काचपट्ट्या नुकत्याच मिळू लागल्या होत्या, म्हणून एवढा वेळ प्रकाश साठवता आला. एका तेजोमेघाचा हा जगातला पहिलाच फोटो. पुढे १८८३ मध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून याच तेजोमेघाचा असा फोटो काढला, की त्यात डोळ्यांनी कधीच न दिसलेले तारे उमटले. कॉमन पेशाने सांडपाण्याच्या व्यवस्थेचे इंजिनियर, आणि त्यांची वेधशाळा म्हणजे लंडनच्या पश्चिमेला ईलिंगमधल्या त्यांच्या घराची बाग. कोळशाच्या धुराचं ते लंडन! वर लंडनहून हा तेजोमेघ क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश चढतो. पुण्याहून तो ६६ अंशांपर्यंत येतो. म्हणजे कॉमन यांना वातावरणाचा जेवढा थर भेदावा लागला, त्याच्या साधारण साठ टक्केच आपल्याला भेदावा लागतो. आपल्या आकाशाला नावं ठेवण्याआधी एवढं तरी लक्षात ठेवू या. या फोटोच्या दुसऱ्याच वर्षी, १८८४ मध्ये, कॉमन यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

त्या दुर्बिणीची पुढची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. एडवर्ड क्रॉसली नावाच्या श्रीमंत हौशी माणसानं ती विकत घेतली आणि हॅलिफॅक्स या यॉर्कशरमधल्या गिरण्यांच्या गावी नेली. तिथल्या हवेत ती दुर्बीण वायाच जात होती. शेवटी १८९५ मध्ये त्यांनी ती कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेला देऊन टाकली. तिथल्या माउंट हॅमिल्टनवर, सुमारे १२८० मीटर उंचीवर, जेम्स कीलर यांनी १८९८ पासून तिच्यातून काढलेले तेजोमेघांचे फोटो अजूनही अभ्यासक आदराने बघतात. आरसा तोच, हवा निराळी. चांगल्या जागेला किंमत नाही असं मी म्हणतच नाही. पण ईलिंगच्या त्या बागेत कॉमन हवा सुधारायची वाट बघत बसले असते, तर न दिसणारे तारे फोटोत उमटतात हे कळायला आणखी वेळ लागला असता.

आता आपल्या आकाशाकडे. हवेचे दोन दोष नेहमी एकमेकांत मिसळले जातात. एक म्हणजे थरथर, इंग्रजीत हौशी मंडळी जिला ‘सीईंग’ म्हणतात. दुसरा म्हणजे गढूळपणा, म्हणजे हवेची पारदर्शकता कमी असणं. थरथर होते ती वेगवेगळ्या तापमानाच्या हवेच्या थरांमुळे. प्रकाश त्यांतून येताना सतत वाकत राहतो आणि तारा लुकलुकतो. क्षितिजाजवळचा व्याध लाल, निळा, हिरवा चमकताना तुम्ही पाहिला असेल, तो हाच प्रकार. गढूळपणा येतो धूळ, धूर आणि बाष्पामुळे, आणि त्यानं प्रकाश मुळातच कमी पोचतो. गंमत म्हणजे हे दोन दोष बऱ्याचदा एकत्र येत नाहीत. वारा पडलेली, कोंदट, धुरकट रात्र असते ना, त्या रात्री हवा स्थिर असू शकते, आणि गुरू-शनी बघायला ती झकास. उलट उत्तरेचा गार वारा सुटून आकाश लख्ख झालं, की तारे नुसते थरथरत असतात. अशा रात्री ग्रहांचा नाद सोडावा आणि तेजोमेघ धरावा. तेजोमेघाला पारदर्शकता हवी. थरथर तो बरीच सोसतो.

का सोसतो? आकड्यांत सांगतो. चंद्राच्या रुंदीचे साधारण अठराशे भाग केले, की त्यातला एक म्हणजे एक विकला. सामान्य रात्री आपल्याकडे हवेच्या थरथरीनं ताऱ्याचा ठिपका दोन ते चार विकला पसरतो. आता समजा तुमच्या छोट्या दुर्बिणीची नाभीय लांबी, म्हणजे भिंगापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं अंतर, ४०० मिलिमीटर आहे आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. मग एका पिक्सेलवर जवळजवळ दोन विकला आकाश येतं. हवेचा गोंधळ एक-दोन पिक्सेलांतच जिरून जातो, आणि एका अंशाहून मोठा, म्हणजे चंद्राच्या दुपटीनं रुंद असलेला हा तेजोमेघ एका चौकटीत सुखानं मावतो. हीच दुर्बीण २००० मिलिमीटरची असती, तर थरथर पाच ते दहा पिक्सेल पसरली असती. म्हणून नवख्यांना माझा सल्ला असतो, की मोठी दुर्बीण घ्यायची घाई करू नका. आपल्या हवेत लहान दुर्बीण आणि चांगला, न डगमगणारा माउंट, म्हणजे दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणारी बैठक, यांची जोडी जास्त फोटो देते. पृथ्वी फिरते त्यामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. ते सरकणं माउंटनं चोख भरून काढलं नाही, तर हवेला दोष देण्यात अर्थ नाही.

थरथरीतला एक मोठा वाटा आपल्या पायाखालचाच असतो. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असते. शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून तेजोमेघ बघत असाल, तर मग बघायलाच नको. जमिनीवर, गवतावर, झाडाच्या कडेला जागा मिळाली तर ती घ्यावी. दुर्बीण संध्याकाळीच बाहेर ठेवावी, म्हणजे तिचा आरसा बाहेरच्या हवेइतका गार होतो. याला पैसा लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच कुणी मनावर घेत नाही.

गढूळपणाचं तसं नाही. त्यावर एकच खरा उपाय, तो म्हणजे वस्तू जास्तीत जास्त उंच असताना फोटो काढणं. क्षितिजापासून ३० अंशांवर असताना प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा दुप्पट हवेतून येतो. म्हणून मृग मध्यान्ह रेषेवर, म्हणजे ठीक दक्षिणेला सर्वात उंच, येण्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास खरे मोलाचे. बाकीच्या वेळात गप्पा माराव्यात, चहा प्यावा.

आता शहराचा उजेड. इथे एक जुनी पुणेरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला ती चालवत. तिथली ग्रब यांनी बनवलेली २० इंची दुर्बीण त्या वेळी भारतातली सर्वात मोठी. त्या काळी इंग्लंडात वाद चालला होता, की मृगाच्या तेजोमेघाच्या वर्णपटात जी ठळक हिरवी रेषा दिसते ती मॅग्नेशियमची आहे का. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचं तसं म्हणणं होतं. नायगमवालांनी पुण्याहून तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि ती रेषा स्वच्छ, रेखीव असल्याचं १८९१ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. मॅग्नेशियमची असती तर ती एका कडेला पसरलेली दिसायला हवी होती. पुढे १९२७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी कोडं सोडवलं: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा आहे. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनलला गेली. आज त्या शिवाजीनगरात रात्री मान वर करून बघा. नायगमवालांना मिळालेलं आकाश तिथे उरलेलं नाही.

पण त्या हिरव्या रेषेचाच आज आपल्याला उपयोग होतो. तेजोमेघाचा प्रकाश मुख्यतः मोजक्या रंगांत येतो: हायड्रोजनचा तांबडा, ६५६.३ नॅनोमीटरचा, आणि ऑक्सिजनचा हा हिरवा, ५००.७ नॅनोमीटरचा. बाजारात आता असे दुहेरी पट्ट्यांचे फिल्टर मिळतात, की या दोन रंगांच्या आसपासचा अरुंद भाग तेवढा आत सोडायचा आणि बाकी सगळं अडवायचं. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे ५८९ नॅनोमीटरच्या आसपास उजेड फेकायचे, त्यांना अडवणं सोपं होतं. नव्या पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत सांडतो, त्यामुळे जुने साधे फिल्टर निकामी ठरू लागले; अरुंद पट्ट्यांचे मात्र अजून चालतात. हायड्रोजनच्या तांबड्या पट्ट्यात तर चांदण्या रात्रीही काम होतं. मात्र कृत्तिकांभोवतीच्या निळ्या धुळीला हे फिल्टर लावून फोटो काढायला जाऊ नका. ती धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे तिच्या प्रकाशात सगळे रंग असतात, आणि फिल्टर शहराबरोबर तिलाही पुसून टाकतो.

यानंतर येतं ते फोटोंची चळत लावणं, म्हणजे स्टॅकिंग. एकच लांब एक्स्पोजर घेण्याऐवजी एक-दोन मिनिटांच्या शेकडो फ्रेम घ्यायच्या आणि संगणकावर ताऱ्यांवर तारे जुळवून त्यांची सरासरी काढायची. भजनी मंडळात प्रत्येकाचा सूर कुठे ना कुठे हलतो, पण प्रत्येकाचा वेगळ्या जागी. सगळे मिळून गातात तेव्हा चूक विरते आणि चाल तेवढी ठळक होते. इथंही तेच. फ्रेम चौपट केल्या की कणकण, म्हणजे फोटोतले विस्कळीत दाणे, निम्मी होते, शंभरपट केल्या की एक दशांश. मध्येच विमान गेलं, उपग्रहाची रेघ आली, तर इतर फ्रेममध्ये ती नसल्यामुळे संगणक ती बाजूला काढतो. पातळ ढग गेला त्या वेळच्या फ्रेम ओळखायला सोप्या: ताऱ्यांभोवती वलय येतं आणि मंद तारे गायब होतात. त्या निर्दयपणे फेकाव्यात. लोकांना इथं फार जड जातं! थंडीत कुडकुडत घेतलेली फ्रेम टाकवत नाही. पण वाईट फ्रेम चळतीत घातल्यानं चळत वाढते, चित्र सुधारत नाही.

शहराच्या उजेडाबद्दल एक गैरसमज मात्र इथं येतो. आकाशाचा पिवळट-करडा पडदा संगणकावर वजा करता येतो, हे खरं. त्या उजेडानं आणलेली कणकण मात्र वजा होत नाही, ती फ्रेम वाढवूनच दाबावी लागते. म्हणून अंधाऱ्या गावात एका रात्रीत मिळतं, ते शहरात कित्येक रात्रींत मिळतं. फ्रेम वेगवेगळ्या रात्रींच्या असल्या तरी जोडता येतात, तेजोमेघ कुठे पळत नाही.

मृगाच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. त्याचा गाभा इतका तेजस्वी आहे की दोन मिनिटांत तो पांढरा फटक होतो, आणि त्याच्या बाहेरच्या पाकळ्या इतक्या मंद की दोन मिनिटांतही पुरेशा येत नाहीत. म्हणून गाभ्यासाठी पाच-दहा सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घ्यायच्या. हवा क्षणभर स्थिर वाटली, की त्या लगेच घेऊन टाकाव्यात. गाभ्यातले चार तारे, ज्यांच्या प्रखर अतिनील प्रकाशानं अख्खा ढग उजळला आहे, ते सुटेसुटे दिसायला हवेत. माझ्या मते या फोटोची परीक्षा तिथंच होते, रंगांत नाही.

आणि दव. डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीनंतर पुढची काच नकळत ओलावते, फोटो हळूहळू मऊ होत जातात आणि दोष हवेवर जातो. पुढे फोमच्या चटईची लांब नळी गुंडाळा, किंवा काचेभोवती हलकी गरम पट्टी बांधा. काच फडक्यानं पुसू नका, एवढं माझं ऐका.

संगणकावर धार काढणारी नवी साधनं आली आहेत. त्यांतली काही हवेनं पसरवलेला ठिपका पुन्हा गोळा करतात, तोवर ठीक. काही मात्र आपल्या मनानं तंतू रेखाटतात. तुमच्या दुर्बिणीला तीन विकलांपेक्षा बारीक दिसत नव्हतं आणि फोटोत मात्र अर्ध्या विकलेच्या झिरमिळ्या आल्या, तर त्या तेजोमेघातून आलेल्या नाहीत. मला थोडा मऊ पण खरा फोटो केव्हाही चालेल.

एप्रिलपर्यंत मृग संध्याकाळीच पश्चिमेच्या धुरक्यात उतरतो. तेव्हा त्याचा नाद सोडावा. मे महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास धनू राशीतला लगून तेजोमेघ, म्हणजे मेसिए ८, पुण्याहून ४७ अंशांवर येतो. लंडनवाल्यांना तो १४ अंशांच्या वर कधी मिळतच नाही. मे महिन्यातलं आकाश धुळीनं भरलेलं असतं हे खरं, पण दुपारी वळीव कोसळून गेला आणि रात्री ढग पांगले, की धूळ बसलेली असते आणि वर्षात क्वचित मिळावी अशी पारदर्शकता चार-पाच तास हाती येते. त्या रात्री दुर्बीण झाकून ठेवू नका. फक्त दवाची पट्टी आधीच बांधा, कारण हवेत ओल भरपूर असेल.

नमस्कार.