शहरात व्यसनी किती? दोन याद्या आणि १७१ माणसं

दारावरची बेल वाजवून "तुम्ही हेरॉइन घेता का हो?" असं विचारलं, तर खरं कोण सांगणार? शिवाय मुंबईत ज्याला आपण सरसकट गर्दुल्ला म्हणतो, तो घरी सापडतच नाही. तो फलाटावर, पुलाखाली, नाहीतर तुरुंगात. म्हणजे घरोघरच्या सर्वेक्षणात आकडा कमीच येणार.

मग मोजायचं कसं? १९९१ सालचं बँकॉक बघू. सुईने हेरॉइन घेणाऱ्यांमध्ये तिथे एचआयव्ही पसरला होता, त्यामुळे असे लोक किती, हे कळणं गरजेचं होतं. संशोधकांनी दोन याद्या घेतल्या. पहिली, मेथाडोनचे (हेरॉइनच्या जागी देतात त्या औषधाचे) उपचार घेणाऱ्यांची: ४,०६४ जण. दुसरी पोलिसांकडची: अटकेनंतर लघवीच्या तपासणीत अफूच्या वर्गातलं द्रव्य सापडलेले १,५४० जण. दोन्हीकडे असलेले निघाले १७१.

सगळा खेळ या १७१चा. १,५४० मध्ये १७१, म्हणजे नवातला एक. पोलिसांना सापडलेल्यांपैकी नवातला एक उपचारांच्या यादीत आहे, तर शहरातल्या सगळ्यांपैकीही नवातलाच एक तिथे असणार, असं धरायचं. ४,०६४ गुणिले नऊ. साधारण ३६,६००! तळ्यातल्या माशांना खूण करून सोडायचं आणि पुन्हा जाळं टाकायचं, तीच ही युक्ती.

पण मासा नाव बदलत नाही. माणूस दवाखान्यात एक सांगतो, चौकीत दुसरं. जुळणी चुकून १७१ऐवजी १५० जण सापडले असते, तर अंदाज ४१ हजारांच्या पुढे गेला असता. उलट, रस्त्यावरची तीच ती माणसं दोन्हीकडे येत असतील, तर आकडा घसरतो. आणि बंद फ्लॅटमध्ये बसून घेणारा पैसेवाला? तो दोन्ही याद्यांत नाही. माझ्या मते खरी गोची इथे आहे. तिसरी यादी जोडून हिशेब थोडा सावरतो, पण हा गडी तिथेही सहसा नसतो.

भारताच्या २०१९च्या राष्ट्रीय अहवालासाठी एम्सच्या टीमने घरोघरी पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांना विचारलंच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. एका व्यसनीने ओळखीचा दुसरा आणायचा, दुसऱ्याने तिसरा, अशा साखळीतून आणखी ७२,६४२ जणांना गाठलं. अशा लोकांना विचारता येतं, "गेल्या वर्षी उपचार केंद्रात भरती झाला होतात का?" समजा, दहातला एक 'हो' म्हणाला, तर केंद्रांच्या नोंदी गुणिले दहा. फक्त केंद्राचं रजिस्टर नीट भरलेलं हवं.