उसवता येईल अशी शिवण

(इंदूरमधल्या एका महिला मंडळात आषाढाच्या अखेरीस दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आषाढ संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. "काकू, मखराला झालर शिवून द्याल का?" आजवर दिली. यंदा माझ्या गुडघ्यांनी पायाच्या मशीनशी असहकार पुकारलाय. म्हणून मंडळाच्या बायकांना म्हटलं, झालर मागू नका, शिकून घ्या. तेवढ्यासाठी आज इथे उभी आहे.

"आम्हाला शिवता येत नाही" असं म्हणणाऱ्या बहुतेकींना ब्लाऊज शिवता येत नसतो. गळा बसत नाही, बाही ओढते, हे खरं. पण दाराला ना गळा असतो ना बाही. सणाच्या सजावटीला सरळ टीप आली की पुरे. ती दोन दिवसांत येते, फक्त सुईकडे बघायचं नाही, कापडाच्या काठाकडे बघायचं.

आता जरा नको असलेली गोष्ट सांगते. माझ्या सासूबाईंची एक महेश्वरी नऊवारी होती. अंजिरी रंगाची, चटाईच्या किनारीची. त्या गेल्यावर काही वर्षांनी साडी घडीवर विरायला लागली होती. महेश्वरीत बहुतेक करून उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा असतो, आणि जुन्या साडीत आधी रेशीम दगा देतं. मला वाटलं, वाया जाण्यापेक्षा दिवाळीला उशांचे अभ्रे करू. पदराचे सोळा-सोळा इंचांचे चौकोन कापले, चांगली बारीक टीप मारली, कडा दुमडून पुन्हा टीप. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्याच वर्षी नणंद आली आणि म्हणाली, "वहिनी, आईची ती अंजिरी आहे ना तुझ्याकडे? लेकीच्या लग्नात तिच्या डोक्यावर पदर म्हणून धरायची होती." मी काय दाखवणार? सोफ्यावरच्या उशा दाखवल्या. ती काही बोलली नाही, एक उशी मांडीवर घेऊन बसली.

त्या दिवसापासून माझा एक नियम झाला. सण चार-दहा दिवसांचा असतो, कापड त्याहून फार जास्त जगतं. तेव्हा सणासाठी शिवायचं ते उसवता आलं पाहिजे. अखंड कापडाला कात्री नाही. कात्री लावायचीच तर तुकड्यांना आणि नव्या साध्या सुती कापडाला.

उसवता येणारी शिवण म्हणजे काय, तर लांब टाका. मशीनवर टाक्याचा खटका शेवटापर्यंत खाली न्या, वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. अशी टीप मारली की खालचा, म्हणजे बॉबीनचा दोरा एका टोकाने ओढला की सळकन निघून येतो. हाताने करायची तर धावदोरा. एक सांगून ठेवते, सुती कापडात सुईची भोकं धुतल्यावर बुजतात. रेशमात आणि साटीनमध्ये ती राहतात. म्हणून रेशमाला ११ नंबरची सुई, आणि टाचण्याही कडेच्या मार्जिनमध्येच. साध्या सुतीला १४ चालते.

यातली सगळ्यात सोपी गोष्ट गुडीची आहे, चैत्र लांब असला तरी आत्ताच सांगते. गुडीच्या काठीला आपण खण कसाबसा गुंडाळतो आणि दुपारपर्यंत तो घसरतो. त्याऐवजी खणाच्या एका कडेला पाव इंचाच्या अंतरावर धावदोऱ्याच्या दोन ओळी घाला, दोन्ही दोरे एकदम ओढा. चुण्या एकसारख्या पडतात. एकाच ओळीने त्या वाकड्यातिकड्या होतात, म्हणून दोन. काठीला बांधा, वर गडू उपडा. संध्याकाळी गुडी उतरवली की दोरे ओढून काढा, इस्त्री फिरवा, खण पुन्हा ओटीत द्यायला अखंड.

मखराची झालर हेच तंत्र, फक्त लांबीचं. चौरंगाची पुढची बाजू २ फूट असेल तर ४ फूट कापड लागतं, म्हणजे दुप्पट. मलमलसारखं पातळ कापड असेल तर अडीचपट घ्या, नाही तर झालर उपाशी दिसते. चुण्या ओढून झाल्या की वरून एक सुती नाडी लांब टाक्याने जोडा. खिळे-स्टेपल काही नको, नाडी मागे बांधायची.

आता कापडाचं. आपल्याला सीतलामाता बाजारात गेलं की साटीनची चमक भुरळ घालते. मीही भुललेय. एके वर्षी आरतीच्या धांदलीत निरांजन झालरीच्या जवळ गेलं. ज्वाळा लागली नाही, नुसती धग लागली आणि साटीनला रुपयाएवढं भोक पडलं, कडा वितळून काळी, टणक झाली. असलं नायलॉन-पॉलिएस्टरचं कापड वितळून कातडीला चिकटतं, म्हणून ते फार वाईट. सुती कापडही पेटतंच, त्याच्या भरवशावर राहू नका. समईपासून झालर हातभर लांब, हा हिशोब मखर उभारतानाच करायचा.

दुकानदार तर सगळ्यालाच "एकदम प्योर कॉटन है, बेनजी" म्हणतो. नमुन्याचा एक धागा उपसून घरी आणा आणि चिमट्यात धरून जाळा. दुकानात काडी ओढू नका, क्लॉथ मार्केटच्या गल्ल्या तेवढ्या रुंद नाहीत. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख होते. रेशमाला जळक्या केसांचा वास. पॉलिएस्टरचा टणक मणी होतो. लाल कापड असेल तर आणखी एक, ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रुमाल गुलाबी झाला तर ते कापड पांढऱ्याशेजारी शिवायचं नाही, भले कितीही स्वस्त असो.

लाल-काळं-पांढरं हवंच असेल तर बाघचं घ्या. धार जिल्ह्यातलं बाघ, आपल्यापासून काही परदेश नाही. खत्री छपाईकार १९६२ च्या सुमारास तिथे स्थिरावले. लाल रंगाला तुरटी आणि अलिझरीन, काळ्याला लोखंड आणि गूळ, आणि धुवायला बाघिनी नदीचं वाहतं पाणी. तोरणाला ते फार शोभतं, कारण ठसा ठळक असतो आणि दाराकडे आपण लांबूनच बघतो.

तर तोरण. ही माझी लाडकी गोष्ट आहे, इथे जरा रेंगाळणार. बाजारचं तोरण एका सणाचं असतं, मग ते धूळ खातं. माझ्या दारावर गेली कित्येक वर्षं दोरी एकच आहे, पानं बदलतात. प्रत्येक पानाला वरती परकराला असतो तसा नेफा, त्यातून नाडी ओवायची. गणपतीत हिरवी आंब्याची पानं, दसऱ्याला झेंडूचे केशरी-पिवळे गोल, संक्रांतीला पतंग. नाडी उपसली, दुसरी पानं ओवली, झालं.

हिशोब लिहून घ्या. दार ३ फूट, म्हणजे ३६ इंच. तयार पान ३ इंच रुंद, दोन पानांत १ इंच जागा, तर ९ पानं नेमकी बसतात आणि दोन्हीकडे अर्धा इंच उरतो. विषम आकडा मुद्दाम, मग एक पान बरोबर मध्ये येतं. एका पानाला ४ बाय ९ इंचांचे दोन तुकडे, एकूण १८. कापड ४४ इंच पन्ह्याचं अर्धा मीटर घ्या, पण आधी धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं. न धुता शिवलेलं तोरण पावसात भिजलं की पानाचे पुढचे-मागचे तुकडे कमी-जास्त आटतात, आणि पान पापडासारखं वळतं.

पानाचा आकार कागदावर काढताना कागद उभा दुमडून अर्धंच पान काढा, कापा, उघडा. दोन्ही बाजू आपोआप सारख्या. तुकड्यांच्या सुलट बाजू आत ठेवून अर्धा इंच सोडून टीप मारा, वरची बाजू उघडी. इथे मात्र नेहमीची बारीक टीप, कारण हे तुकडे उसवायचे नाहीत. टोकाशी आलात की सुई कापडात रुतवून ठेवा, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय उचला, कापड फिरवा. मग टोकापाशी जास्तीचं कापड टिपेच्या अगदी जवळ कापून टाका. हे विसरलं की पान उलटल्यावर टोकाला गोळा येतो, आणि आंब्याचं पान चमच्यासारखं दिसतं. पान सुलट करताना टोक बाहेर काढायला कात्री घालू नका, भोक पडतं. स्वयंपाकघरातली उलथन्याची दांडी घ्या. इस्त्री करा, वरचा काठ अर्धा इंच आत, मग पुन्हा अर्धा इंच मागे दुमडून नेफा.

या सगळ्याच्या वर लावायला जुन्या महेश्वरीची किनार असेल तर सोनं. अंगाची साडी विरते तरी किनार टिकते. अनेक महेश्वरींची किनार दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणजे घरात शिरताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडून सुलट दिसते. आणि काठ विणलेलाच असतो, दुमडायला नको. पण बायांनो, आधी नणंदेला विचारा.

पतंगांबद्दल एवढंच. ५ इंचांचे चौकोन कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यात कापा आणि कोपऱ्यावर टांगा. दुकानात त्रिकोणी पताका मिळतात, त्यांच्या तिरक्या कडा धागा सोडून ताणल्या जातात आणि चार दिवसांत लोंबतात. चौकोनाची कड सरळ धाग्यात, ती तशी ताणली जात नाही. खाली लोकरीचा गोंडा लावा, शेपूट म्हणून. मुलं गिल्ली-दांडू खेळून येईपर्यंत शिवून होतात.

उशीचे अभ्रे भरभर. पाकिटासारखे करा, चेन नको, बटण नको. १६ इंचांच्या उशीला १७ इंच रुंद आणि मीटरभर लांब कापड. धुऊन ते ३७ इंचांच्या वर राहतं, मागे तीन-साडेतीन इंचांचं झाकण मिळतं. ४४ पन्ह्यात दोन अभ्रे बसतात, कडेला उरलेल्या पट्टीत तोरणाची चार पानं. दुकानदार सव्वा मीटर गळ्यात मारेल, घेऊ नका.

रंगपंचमीला काय शिवायचं, असं मागच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं. इंदूरच्या गेरच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या दिवशी? काही नाही. पडदे, अभ्रे, तोरण, सगळं आदल्या दिवशी उतरवून कपाटात टाका आणि जुनी चादर सोफ्यावर घाला.

मघापासून मागून एक मुलगी हात वर करतेय. मशीन नसेल तर? हातानेच कर गं. पानाला उलटी टीप घाल, म्हणजे दर टाक्याला थोडं मागे येऊन पुढे जायचं, धावदोरा तिथे सुटेल. एका पानाची शिवण साधारण वीतभर दोन्ही बाजूंनी, रोज एक केलंस तरी गणपतीच्या आत नऊ होतात. पहिलं वाकडं येईलच, सगळ्यांचं येतं. ते बिजागरीच्या बाजूला ओव, दार उघडलं की त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आता ज्यांनी कात्री आणलीय त्या पुढे या, कागद दुमडायला घेऊ.