मल्लखांबावरची मांडी आणि तिचा खुबा

[दृश्य: व्यायामशाळा. पुरलेला मल्लखांब, त्यावर तेलाचा हात फिरतोय]

लाकडी खांब. बुडाशी जाड, वर निमुळता होत गेलेला. टोकाला बोंड, त्याखाली मान. अंगाला एरंडेल चोळलंय. कातडं सोलवटू नये म्हणून तेल लागतंच, पण तेलामुळे खांब निसटतो. त्याला धरून ठेवायचं काम मांड्यांचं.

[दृश्य: साधी अढी. हात सुटतात. कॅमेरा जांघेजवळ]

डोकं खाली, पाय वर, खांब दोन मांड्यांच्या मध्ये. जांघेतून उठलेली ही ताठ वादी पाहा. ही अ‍ॅडक्टर लाँगस या आतल्या मांडीच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. जघनास्थीवरून, म्हणजे कमरेच्या हाडाच्या अगदी पुढच्या भागावरून ती निघते.

कमावलेली मांडी म्हटलं की नजर पुढच्या बाजूला जाते. तिथल्या क्वाड्रिसेप्सचे चार भाग. त्यातले तीन मांडीच्याच हाडावर सुरू होऊन गुडघ्याकडे उतरतात. खुब्याशी त्यांचा संबंध नाही. एकटा रेक्टस फिमोरिस खुबा ओलांडतो. खुबा हलवायचा तर स्नायूने खुबा ओलांडलेला हवा, आणि आतल्या बाजूचे पाचही स्नायू तो ओलांडतात: पेक्टिनियस, ब्रेव्हिस, लाँगस, मॅग्नस आणि ग्रॅसिलिस. पकड यांची आहे.

[दृश्य: सांगाडा. लाल रबरी पट्टी लावणारे हात]

पट्टीचं एक टोक जघनास्थीवर. दुसरं मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूला, तिथल्या उभ्या खरखरीत कडेवर, साधारण मध्यावर. लाँगस असाच बसलेला असतो: पुढून निघून मागे जाऊन चिकटलेला.

आता पाय सरळ ठेवून पट्टी ओढली. मांडी आत आली आणि थोडी पुढेही गेली. मग मांडी वर उचलून पोटाकडे आणली आणि तीच पट्टी पुन्हा ओढली. या वेळी मांडी आत आली, पण पुढे जाण्याऐवजी खाली, मागे ढकलली गेली. पट्टी कुठेही हलवलेली नाही. मांडी वर येताना पट्टीच्या ओढीची रेषा खुब्याच्या अक्षाच्या पुढून मागे सरकली, एवढंच. हा पालट साधारण ५० ते ७० अंशांच्या दरम्यान होतो, माणसागणिक थोडा पुढेमागे. म्हणून अढी घालताना पाय वर फेकणारा स्नायू, खुबा पूर्ण मुडपला की पाय परत उघडायलाही मदत करतो. स्नायूचं एकच काम पाठ करून चालत नाही. सांधा कुठल्या कोनात आहे ते आधी विचारावं लागतं.

मॅग्नस तर एका नावाखाली दोन स्नायू आहे. पुढचा भाग मांडी आत ओढतो. मागचा भाग बैठकीच्या हाडावरून निघतो, त्याची नसही वेगळी, आणि वागतो हॅमस्ट्रिंगसारखा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंसारखा: मांडी मागे नेतो. बैठका मारताना उठण्याचा बराच भार याच्यावर असतो.

[दृश्य: बोंडावर पद्मासन]

इथे सार्टोरियस दिसतो. कमरेच्या पुढच्या टोकापासून नडगीच्या आतल्या बाजूपर्यंत तिरका गेलेला, शरीरातला सर्वांत लांब स्नायू. मांडी वर, बाहेर आणि बाहेरच्या बाजूला वळलेली, गुडघा दुमडलेला: या सगळ्या हालचालींना तो हातभार लावतो. तंतू लांब, म्हणून तो खूप आखडू शकतो. जोर मात्र बेताचा. मागचा सेमिमेम्ब्रेनोसस नेमका उलटा. त्याचे तंतू आखूड, पिसासारखे तिरके बसवलेले. सरकतो कमी, ओढतो जबरदस्त.

[दृश्य: टेबलावर उताणा खेळाडू, एक पाय उचलला जातोय]

गुडघा ताठ ठेवला की पाय साधारण ८० ते ९० अंशांवर अडतो. गुडघा वाकवा, मांडी १२० अंशांपर्यंत जाते. अडवणारा हॅमस्ट्रिंग, कारण तो दोन्ही सांधे ओलांडतो. इथे हमखास फसगत होते: हॅमस्ट्रिंग अडला की कंबर गोल होते आणि खुबाच मुडपला असं वाटतं. बोटं कमरेच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्यावर ठेवा. ते मागे कलू लागलं की मोजणं तिथेच थांबवायचं.

[दृश्य: पाय फाकवून बसलेली मुलं]

ताण देणं सगळीकडे चालतं. आतल्या मांडीची ताकद वाढवणं फार कमी ठिकाणी दिसतं. जांघेत सर्वाधिक दुखावतो तो लाँगसच, बहुतेक वेळा हाडाजवळ, आणि मग खेळ आठवडेच्या आठवडे बंद.

[दृश्य: बाकावर पाय, बाजूची फळी]

ती ताकद वाढवायला हा व्यायाम: कुशीवर, खालच्या कोपरावर भार. वरचा पाय बाकावर, खालचा पाय मोकळा. कंबर उचलायची आणि खालचा पाय वरच्या पायाला आणून भिडवायचा. खाली येताना सावकाश, तीन आकडे मोजत. नवख्याने गुडघा बाकावर टेकवावा. घोटा टेकवला की तरफ लांब होते आणि भार एकदम वाढतो, म्हणून ती पायरी नंतरची. मांडीच्या मधल्या भागात ओढ जाणवली तर ठीक. दुखणं हाडाजवळ आलं तर पुन्हा गुडघ्यावर यायचं, आणि तरीही दुखलं तर त्या दिवशी अढी घालायची नाही.