आतल्या माणसाला कसली भीती आहे ते विचारा

नमस्कार मंडळी. आज दारूबद्दल बोलायचंय, पण दारू सोडा असं सांगायला मी आलेले नाही, ते तुम्ही घरच्यांकडून, डॉक्टरकडून, कीर्तनातून भरपूर ऐकलेलं असणार. मला बोलायचंय त्या माणसाबद्दल जो सकाळी देवासमोर शपथ घेतो आणि संध्याकाळी बारमध्ये बसलेला असतो. घरचे म्हणतात खोटारडा आहे. मी समुपदेशनाचं काम करते आणि मला तसं वाटत नाही, सकाळची शपथ पण खरी असते आणि संध्याकाळची तल्लफ पण खरी असते, फक्त बोलणारे दोघं वेगवेगळे असतात.

आता समजा डिचोलीकडचा एक गृहस्थ, चाळिशीतला, पणजीत ऑफिसात नोकरीला. सकाळी डोळे उघडले की आत एकजण सुरू होतो, लाज वाटते का रे, काल पोरगी दारात उभी राहून बघत होती. तो दिवसभर याला झोडपत राहतो, एक मेल चारचारदा वाचायला लावतो, साहेबाने चूक काढू नये म्हणून. सहा वाजले, कदंबाच्या बसमधून उतरला, की दुसराच ताबा घेतो, पुरे झालं, चल, दोन पेग मार आणि शांत हो. घरी आल्यावर बायको म्हणते, "अहो, परत प्यालात?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहिला दुप्पट जोराने झोडपतो, म्हणून मग संध्याकाळी दुसऱ्याला पण दुप्पट जोर लावावा लागतो. हे असं वर्षानुवर्षं चालतं.

रिचर्ड श्वार्ट्झ नावाचे एक अमेरिकन फॅमिली थेरपिस्ट आहेत, त्यांच्याकडे १९८० च्या दशकात बुलिमियाचे पेशंट यायचे, म्हणजे भरमसाट खायचं आणि मग ओकून काढायचं असा आजार. ते पेशंट बोलता बोलता सांगायचे की माझा एक भाग खायला लावतो, दुसरा शिव्या घालतो. श्वार्ट्झना कुटुंबांबरोबर काम करायची सवय, त्यांनी विचार केला की घरातल्या माणसांशी बोलतो तसं या भागांशी का बोलू नये. सुरुवातीला तेसुद्धा भांडूनच बघायचे. स्वतःला जखम करून घेणारी एक तरुणी होती, तिच्या त्या भागाशी हुज्जत घालून घालून त्यांनी कबूल करून घेतलं की या आठवड्यात करणार नाही, आणि पुढच्या वेळी ती आली ती आणखी वाईट जखम घेऊन. तेव्हा त्यांनी हात टेकले, जबरदस्ती सोडली आणि त्या भागाला नुसतं विचारलं की तू हे का करतोस. तिथून पुढे या पद्धतीला दिशा मिळाली. या पद्धतीचं नाव इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, थोडक्यात आयएफएस.

यात ढोबळमानाने तीन प्रकारचे भाग मानतात. लहानपणीची लाज, भीती, दुःख घेऊन कोपऱ्यात ढकललेले असतात ते हद्दपार भाग. ते वर येऊ नयेत म्हणून आधीच बंदोबस्त करणारे ते मॅनेजर, आपला सकाळचा झोडपणारा तो मॅनेजर. आणि तरीही दुखणं वर आलंच तर काहीही करून ते विझवायचं, मग त्यात घरदार भिजलं तरी बेहत्तर, ते फायरफायटर. दारू, रात्रभर मोबाईल, जुगार, अचानक फुटणारा राग, यातलं बरंचसं काम त्यांचं.

सेशनमध्ये काय होतं ते सांगते. थेरपिस्ट विचारतो, तो पिणारा भाग शरीरात कुठे जाणवतो? गृहस्थ म्हणतात, छातीत, इथे, घट्ट. मग प्रश्न येतो, त्याच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? उत्तर ठरलेलं, राग येतो, त्याला हाकलून द्या. थेरपिस्ट ओळखतो की हे मॅनेजर बोलतोय, म्हणून त्यालाच विनंती करतो की जरा बाजूला बसशील का, आम्हाला त्याचं ऐकायचंय. याला वेळ लागतो हो, कधी कधी अख्खा सेशन यातच जातो. पण तो थोडा सरकला की माणसाचा आवाजच बदलतो, चेहरा सैल पडतो, आणि तो खरंच कुतूहलाने विचारू शकतो की बाबा रे, तू हे काम थांबवलंस तर काय होईल अशी तुला भीती आहे? आणि आतून काहीतरी येतं. वर्गात सगळ्यांसमोर बापाच्या दारूवरून चिडवलं गेलेलं एक नऊ वर्षांचं पोर असतं, ते रडायला लागलं तर कधी थांबणारच नाही, ही ती भीती. मला या पद्धतीतला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्या माणसाला आयुष्यभर कोणी हे विचारलेलंच नसतं, सगळ्यांनी फक्त थांब म्हणून सांगितलेलं असतं.

हे कुतूहल, ही शांतता, माया जिथून येते त्याला श्वार्ट्झ सेल्फ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं की तो प्रत्येकात असतोच, थेरपिस्टने बाहेरून द्यायचा नसतो. इथे मला आपला गोव्याचा पाद्री आबे फारिया आठवतो. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्याचा पुतळा आहे, येताजाता बघतो आपण. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसला जाऊन ठणकावून सांगत होता की संमोहनात मेस्मर नावाचा डॉक्टर म्हणायचा तसली कुठली चुंबकीय शक्ती नसते, जे घडतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनातून घडतं. पद्धत अगदी वेगळी, पण बरं करणाऱ्याच्या हातात जादू नाही हे म्हणणं तेच, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी. आयएफएसवर अभ्यास अजून कमी आहेत. २०१३ साली संधिवाताच्या ७९ रुग्णांवरचा एक प्रसिद्ध झाला, त्यात वेदना आणि उदासीनतेत फरक दिसला, पण तेवढ्यावरून सगळ्या आजारांवर चालतं असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. भास होतात, वास्तवाचं भान सुटतं अशा माणसाबरोबर हे आधी मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करूच नये. आणि दारूसाठी तर आपल्या गोव्यातच दुसऱ्या पद्धतीचं चांगलं काम झालंय, संगथ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत थोडक्या बैठका घेतल्या, त्याचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथेसुद्धा माणसाला झोडपत नाहीत, त्याचं ऐकून घेतात.

एक महत्त्वाचं, रोज भरपूर पिणाऱ्याने हे भाषण ऐकून उद्यापासून एकदम बंद करू नये, हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं, आधी डॉक्टर. बांबोळीला मनोरुग्णांसाठी सरकारी संस्था आहे, तिथे ओपीडीत जाता येतं, जायला लाजायचं काही कारण नाही. आणि घरच्यांनो, तुम्ही घरात थेरपिस्ट व्हायला जाऊ नका, ते तुमचं काम नाही, तुम्ही स्वतः आधीच खूप थकलेले असता. फक्त सकाळी तो मान खाली घालून बसलेला असतो ना, त्या वेळी त्याला आणखी झोडपू नका, ते काम करणारा आत एकजण आधीच बसलाय.

घरबसल्या बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं, आणि फोन पिणाऱ्यानेच केला पाहिजे असं काही नाही, बायकोने, आईने, मोठ्या झालेल्या मुलीने केला तरी चालतो.