महामार्ग, पऱ्या आणि टोल

मंडळी, मुंबई-गोवा महामार्ग म्हटलं की गप्पा खड्ड्यांवर येतात. आपला हक्काचाच विषय तो. मला मात्र आज पाण्याबद्दल बोलायचंय.

रस्ता पनवेलहून दक्षिणेला पत्रादेवीपर्यंत, साडेचारशे किलोमीटरच्या वर. नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला. म्हणजे सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, सगळ्यांना हा आडवा जातो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, मग पुलांची चर्चा झाली. मधल्या पऱ्यांची, म्हणजे पावसाळी ओढ्यांची, कोण करणार? आठ महिने कोरडा असणारा पऱ्या मे महिन्यात पाहणीला आलेल्याच्या नजरेतच भरत नाही. तिथे भराव टाकून खालून पाणी जायला बेताची मोरी दिली की जुलैत वरच्या अंगाची खाचरं तुंबतात आणि भराव खालून भिजत राहतो.

डोंगर कापायचा तर इथला जांभा दगड फसवाच. वरचा थर कडक, उभा कापला तरी टिकेलसा वाटतो. पण तो सच्छिद्र असतो आणि त्याच्याखाली मऊ चिकणमाती. झिरपलेलं पाणी त्या मातीशी येऊन अडतं, माती सरकते, वरचा दगड निराधार होऊन खाली येतो. म्हणून कापताना पायऱ्या काढायच्या, माथ्यावर चर खणून पाणी आधीच वळवायचं, संरक्षक भिंतीत भोकं ठेवायची. घरामागची दरड कापणाऱ्या आपल्या गवंड्यालाही हे कळतं. दरडी कोसळणाऱ्या परशुराम घाटाचं चिपळूणकरांना मी काय सांगू!

आता टोल. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलचे 2008 चे नियम आहेत, त्यांप्रमाणे नाके साधारण 60 किलोमीटरच्या अंतराने. पैसे लागतात ते नाक्याच्या वाट्याला आलेल्या टप्प्याच्या लांबीवर. तुम्ही त्यातले किती कापलेत हे कोणी बघत नाही. वाडीतून बाजाराला चार किलोमीटर जाणारा आणि थेट गोव्याला निघालेला, नाक्यावर दोघे सारखेच. म्हणून 20 किलोमीटरच्या आतल्या रहिवाशाच्या खासगी गाडीला मासिक पास. पण सर्व्हिस रोड किंवा दुसरा रस्ता उपलब्ध असेल तर तो पास नाही, हेही त्याच नियमात आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जुनाच रस्ता रुंद केलाय. मग गावाला दुसरा रस्ता उरतो कुठे? याच रस्त्यावर हातिवले, ओसरगावला नाक्यांवरून लोक उगाच भांडले नाहीत.

शाळा अलीकडे, वाडी पलीकडे, मध्ये दुभाजक. लोक मैलभर वळसा घालत नाहीत, दुभाजक फोडतात. नियमाने ते चूक, पण भुयारी वाट जागा मिळाली तिथे काढली, पाणंद उतरते तिथे नाही, याचा जाब कोणाला विचारायचा?

ग्रामसभेत एक करा. रस्त्याच्या कामाचा नकाशा मागवा. मोरीचं तोंड केवढं आणि ती कोणाच्या शेतात सुटते, हे त्यात दाखवलेलं असतं. बघा, आणि हरकत घ्यायची तर काम सुरू होण्याआधी लेखी घ्या. पाऊस लागल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.